मुख्य विधान कसे लिहावे: बायबल अभ्यासाच्या पहिल्या वर्षासाठी पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

२० जून

वर्ग भरायला अजून थोडा अवकाश आहे. यंदा हाती घेतलेले काम असे: पुण्यातल्या आमच्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेत) मराठी माध्यमातून शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी, पेपरचे मुख्य विधान, म्हणजे सगळा पेपर जे एक म्हणणे पटवून देतो ते वाक्य, कसे लिहावे याची एक छोटी पुस्तिका. इंग्रजीत असे साहित्य ढिगाने मिळते. आमची मुले मात्र वरच्या वर्गातल्यांच्या जुन्या असाइनमेंट मागून घेतात आणि तोच साचा पुढे चालवतात.

मागच्या वर्षीच्या पेपरांचा गठ्ठा काढला आणि फक्त पहिले परिच्छेद वाचले. ‘देव प्रेमळ आहे हे या पुस्तकातून दिसते.’ ‘रूथचे पुस्तक निष्ठेविषयी आहे.’ ‘आमोस आपल्याला न्यायाने वागायला शिकवतो.’ यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि लिहिणाऱ्याची श्रद्धाही खरी आहे. पण या वाक्यांवर वर्गात कोणी हरकत घेणार नाही, आणि ती पटवायला पुस्तक उघडावेसुद्धा लागत नाही. मुले लहानपणापासून दर रविवारी संदेश ऐकत आली आहेत. काही जण सुट्टीत गावच्या मंडळीत स्वतः संदेश देतात. संदेश ऐकणारा ‘आमेन’ म्हणतो, पेपर वाचणारा ‘कशावरून?’ म्हणतो. मुलांना हा दुसरा वाचक अजून भेटलेलाच नाही. तो शत्रू नाही, हे त्यांना आधी पटायला हवे.

पुस्तिकेचा सगळा भार एकाच गोष्टीवर ठेवणार आहे: आपल्या म्हणण्याच्या आड येणारे वचन आधी शोधायचे, आणि ते सापडल्यावरच मुख्य विधान पक्के करायचे. उदाहरणांसाठी बायबलमधली रूथ, योना, आमोस आणि मार्क ही पुस्तके. पहिली दोन चार-चार अध्यायांची, आमोस नऊ, मार्क सोळा. चारही सलग बसून वाचून होतात. पूर्ण पुस्तक वाचल्याशिवाय विधान लिहायचे नाही, ही अट पहिल्याच पानावर घालणार.

१ जुलै

पहिला तास रूथवर. मवाब देशातली विधवा रूथ सासू नामीबरोबर इस्राएलात येते आणि पुढे बवाजाशी लग्न करते, अशी ही गोष्ट. ‘निष्ठेविषयी आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहिले आणि विचारले, याला विरोध करणारा माणूस काय म्हणेल? कोणालाच सुचेना. म्हणजे तो विषय झाला, विधान नव्हे.

मग पेन्सिली काढायला लावल्या. रूथला ‘मवाबी’ कुठे कुठे म्हटले आहे, तेवढेच शोधायचे. १:२२, २:२, २:६, २:२१, ४:५, ४:१० (आधी अध्याय, मग वचन). पुढे प्रत्येक ठिकाणी हे कोण म्हणते ते लिहायचे. १:२२, २:२ आणि २:२१ इथे निवेदक. २:६ मध्ये कापणीवरचा मुकादम. चौथ्या अध्यायात दोन्ही वेळा बवाज, तेही वेशीत वडीलजनांसमोर, व्यवहार पक्का होत असताना. एका मुलीने भर घातली की रूथ स्वतःला मवाबी कधीच म्हणवत नाही. २:१० मध्ये ती नुसती ‘परकी’ म्हणते. हे ऐकून वर्ग सरसावून बसला. विशेषतः २:२१ मुलांना खटकले. दिवसभर सरवा वेचून ती घरी आलेली आहे, सासूशी बोलते आहे, ती कुठली हे वाचकाला केव्हाच ठाऊक आहे. मग इथे ‘मवाबी रूथ’ कशाला?

त्यावर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकातले २३:३ वाचले. अम्मोनी आणि मवाबी यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. आणि पुस्तकाच्या शेवटी रूथचा मुलगा ओबेद, ओबेदाचा इशाय, इशायाचा राजा दावीद. म्हणजे मवाबी बाई दावीदाची पणजी. आता वाक्य तयार झाले:

‘रूथच्या पुस्तकात निवेदक आणि पात्रे रूथचे मवाबीपण वाचकाला विसरू देत नाहीत, आणि तिलाच दावीदाची पणजी ठरवून हे पुस्तक अनुवाद २३ मधल्या बंदीला आव्हान देते.’

फळ्यावर छान दिसत होते. मग आड येणारे वचन शोधायला सांगितले. मागच्या बाकावरचा एक जण, घरात तीन पिढ्या पाळक असलेला, लगेच म्हणाला, “मॅडम, १:१६. तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. ती परकी उरलीच कुठे? मग बंदी मोडलीच नाही.”

हरकत अगदी बरोबर आहे. बराच वेळ वर्ग तिथेच अडला. शेवटी उत्तर एका मुलीने दिले: ती शपथ पहिल्या अध्यायातली, आणि बवाज तिला मवाबी म्हणतो चौथ्यात. म्हणजे देव स्वीकारला तरी वेशीतल्या पंचांसमोर ती मवाबीच आहे. मग वाक्याला पुढे एक तुकडा जोडला: ‘रूथने १:१६ मध्ये इस्राएलाचा देव स्वीकारला असला, तरी…’ विधान यामुळे लांबले, पण त्याला कणा आला. ‘जरी’च्या पुढे विरोधकाचे सगळ्यात बळकट वचन, ‘तरी’च्या पुढे आपले म्हणणे. पुस्तिकेत ही रचना पहिल्या प्रकरणात घेणार.

एक सूचना समासात: पुष्कळ अभ्यासक हे पुस्तक बंदिवासातून परतल्यानंतरच्या एज्रा-नहेम्याच्या काळाशी जोडतात, परक्या बायका सोडून देण्याच्या आदेशाला दिलेले उत्तर म्हणून, काही जण ते त्याआधीच्या राजांच्या काळातले मानतात. पहिल्या वर्षाच्या मुलाने आपले विधान या काळनिश्चितीवर उभे करू नये. काळ बदलला की पेपर कोसळतो. ‘मवाबी’ हा शब्द सहा ठिकाणी आहे, तो कुठेही जात नाही.

८ जुलै

योना. देव निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो तेव्हा हा संदेष्टा उलट दिशेने पळतो आणि मासा त्याला गिळतो. अपेक्षेप्रमाणे निम्म्या वर्गाने मासा धरला. माशाचा उल्लेख मोजून तीन वचनांत आहे: १:१७, २:१, २:१०. हे दाखवल्यावर चर्चा आपोआप पुढे सरकली. मासा खरोखर होता का, असा प्रश्न आलाच. तो प्रश्न मी उडवून लावत नाही. मुलांच्या घरी, मंडळीत त्याला वजन आहे. फक्त इतके सांगितले की आपल्या विधानाला त्याचे उत्तर लागत नसेल, तर तो पेपरात आणू नये. दोन्ही बाजूंच्या वाचकाला तुमचे म्हणणे तपासता आले पाहिजे.

एकाने लिहिले: ‘योना भीतीने पळाला नाही, देव निनवेवर दया करील म्हणून पळाला.’ वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण हे तर योना ४:२ मध्ये स्वतःच बोलतो. पुस्तकात सरळ लिहिलेली गोष्ट हे निरीक्षण. निरीक्षणाशिवाय विधान होत नाही, पण तिथे थांबता येत नाही. पुढचा प्रश्न असा: हे कारण निवेदकाने पहिल्या अध्यायात का सांगितले नाही? योना तार्शीशला निघाला तेव्हा एक वाक्य पुरले असते.

यावरून आलेले वाक्य: ‘पळण्याचे कारण चौथ्या अध्यायापर्यंत राखून ठेवल्यामुळे, योनाचा राग समोर येतो तोवर वाचकाने निनवेचा पश्चात्ताप पाहिलेला असतो, म्हणून शेवटचा प्रश्न योनाइतकाच वाचकाला विचारलेला आहे.’ पुस्तक प्रश्नावर संपते, योनाचे उत्तर नोंदलेले नाही. विधानाला तो आधार आहे.

विरोधही लगेच मिळाला. निनवे म्हणजे अश्शूर, आणि अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलाची राजधानी शोमरोन घेतली. ते ठाऊक असणाऱ्या पहिल्या वाचकांना योना का पळाला हे सांगावे लागले असते का? त्यांनी पहिल्याच अध्यायात ओळखले असणार. या हरकतीला उत्तर देता येते: ओळखणे वेगळे आणि योनाच्या तोंडून, निर्गम ३४:६ मधल्याच शब्दांत, देवाच्या दयेबद्दल तक्रार ऐकणे वेगळे. पण ते उत्तर विद्यार्थ्यांनी लिहायचे आहे. पुस्तिकेत हरकत छापेन, उत्तराची जागा कोरी ठेवेन.

११ जुलै

भाषेची किरकोळ कामे. ‘शिकवते’, ‘संदेश देते’, ‘प्रेरणा देते’ ही क्रियापदे मुख्य विधानात नकोत. ‘सुचवते’, ‘नाकारते’, ‘उलटवते’, ‘राखून ठेवते’, ‘शेजारी ठेवते’ चालतील, कारण यात लेखकाने मजकुरात काय केले ते सांगावे लागते. ‘आजच्या काळात’ हे शब्द पहिल्या परिच्छेदात बंद. मंडळीला त्याचा उपयोग काय, ते शेवटी लिहावे, जरूर लिहावे.

१८ जुलै

आमोस. आजचा तास इतका चांगला झाला की सविस्तर लिहून ठेवते.

मुलांचा पहिला कल ५:२१–२४ कडे. सण, होमबली, गाणी, सगळे देव झिडकारतो आणि न्याय पाण्यासारखा वाहू दे म्हणतो. यावरून विधान: ‘आमोस उपासनेला विरोध करतो.’ विरोध करता येतो, म्हणजे प्रगती आहे. मग वर्ग दोन गटांत वाटला. एक गट म्हणे, उपासनाच नको. ५:२५ बघा, रानात चाळीस वर्षे तुम्ही मला यज्ञबली आणलेत का, असे देव विचारतो. दुसरा म्हणे, नाही, अन्याय करून केलेली उपासना नको. दोन्ही गट तीच पाच-सहा वचने एकमेकांवर फेकत राहिले.

तेव्हा मराठवाड्यातला एक विद्यार्थी, घरची शेती, आडतीचा अनुभव असलेला, म्हणाला की आठव्या अध्यायात काटा मारणारे व्यापारी आहेत ते बघा. ८:५ मध्ये ते एफा लहान करतात, शेकेल मोठा करतात, तराजू खोटा ठेवतात. धान्य मोजून द्यायचे माप लहान, पैसे तोलून घ्यायचे वजन मोठे. गिऱ्हाइकाला दोन्हीकडून मार, हे त्याने फळ्यावर चित्र काढून समजावले. ८:६ मध्ये गव्हाची चाळणही विकतात. “आमच्याकडे हे वचन कोणाला समजावून सांगावे लागत नाही,” असे तो म्हणाला.

मग त्याच्याच लक्षात आले ते मी इतकी वर्षे हे पुस्तक शिकवत असून अशा नेमकेपणाने वर्गात कोणाकडून ऐकले नव्हते. ते व्यापारी म्हणतात काय? चंद्रदर्शनाचा सण कधी सरेल, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) कधी संपेल, म्हणजे आम्ही धान्य विकू. ते संपायची वाट बघतात. याचा अर्थ ते शब्बाथ मोडत नाहीत, दुकान बंद ठेवतात. त्याने तिथेच उभ्या उभ्या वाक्य सांगितले, मी फक्त लिहून घेतले:

‘आमोस ८:५ मधले व्यापारी शब्बाथ पाळतात, म्हणून आमोसाचा आरोप धर्म न पाळल्याचा नाही, तर धर्माचा दिवस आणि बाजाराचा दिवस यांचा एकमेकांशी संबंध तोडल्याचा आहे.’

या एका वाक्याने दोन्ही गटांचे भांडण नव्या जागी नेले. पाचव्या अध्यायातली झिडकारलेली गाणी आता या बाजाराच्या उजेडात वाचता येतात. आड येणारे वचनही त्यानेच शोधले: ४:४, बेथेलास या आणि पाप करा. इथे बाजार नाही, बेथेल या उपासनास्थानाला जाणेच पाप ठरते आहे. मग दोष तिथल्या उपासनेतच असेल तर? तो पुढचे दोन आठवडे यावर काम करणार आहे. त्याला घाई करू नको असे सांगितले. अशा वाक्याला वेळ द्यायला हवा.

२५ जुलै

एका विद्यार्थिनीने भेट मागितली. तिचे आजोबा गावकुसाबाहेरून आलेले, घरातले पहिले ख्रिस्ती. तिचा प्रश्न असा: मी दलित स्त्री म्हणून हा मजकूर वाचते, हे मुख्य विधानात लिहिता येते का, की ते ‘व्यक्तिगत’ म्हणून गुण कापले जातील?

लिहिता येते, लिहावे. तिला अरविंद निर्मळ यांच्याविषयी सांगितले. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू झाली असे मानतात, आणि पुढे अनुवाद २६:५ पासूनची कबुली त्यांनी आपल्या मांडणीच्या मध्यभागी ठेवली. माझा पूर्वज भटकणारा अरामी होता, मिसरात आम्हांला छळले, आम्ही ओरडलो, देवाने ऐकले. आपण कोण होतो ते लपवायचे नाही, तिथूनच विश्वासाची सुरुवात करायची, हे त्यांनी त्या वचनात पाहिले.

पण वाचणाऱ्याची जागा ठाम असली म्हणजे मजकुराची साक्ष सुटत नाही. आम्ही दोघींनी बसून २६ वा अध्याय वरून खाली वाचला. ही कबुली म्हणणारा माणूस कोण आहे? २६:१–२ आणि २६:१० बघितले, तर त्याच्या हातात प्रथमउपजाची, म्हणजे पहिल्या पिकाची, टोपली आहे. त्याला वतन मिळाले आहे, त्याची शेती आहे. भूमिहीनाच्या तोंडची कबुली जमीन मिळालेला माणूस म्हणतो आहे. ती गप्प झाली, मग म्हणाली, “मॅडम, हे तर माझ्या विरुद्ध जाते.” जाते खरे. मग ती पुढे वाचू लागली: २६:११ मध्ये लेवी (देवाची सेवा करणारा, जमिनीचा वाटा नसलेला वंश) आणि परका यांच्यासह आनंद करायचा, २६:१२ मध्ये दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा. तिचे पहिले मसुदा-वाक्य असे झाले: ‘अनुवाद २६ मधली कबुली जमीन मिळालेल्या माणसाच्या तोंडी असली, तरी ती त्याला भूमिहीन पूर्वजाचे नाव घ्यायला लावते, आणि म्हणूनच पुढच्या वचनांत भूमिहीनाचा वाटा दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून येतो.’ ‘हक्क’ हा शब्द तिला सिद्ध करावा लागेल. तो शब्द तिने सोडू नये असे मला मनापासून वाटते.

हे उदाहरण पुस्तिकेत पाचवे म्हणून घालणार. तिची परवानगी घेतली आहे. नाव छापणार नाही.

२ ऑगस्ट

मार्क. सोळाही अध्यायांवर एक विधान करायला गेले की पुन्हा ‘येशू हा देवाचा पुत्र आहे’ असे वाक्य येते. म्हणून तुकडा बांधून दिला: ८:२२ ते १०:५२. सुरुवातीला बेथसैदाचा आंधळा, ज्याला येशू दोन टप्प्यांत बरे करतो. आधी त्याला माणसे झाडांसारखी दिसतात. शेवटी बार्तीमय, दुसरा आंधळा. मध्ये येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो, ८:३१, ९:३१, १०:३३–३४, आणि तिन्ही वेळा शिष्यांचे काहीतरी भलतेच. पेत्र त्याला दटावतो, मग कोण मोठा यावर वाद, मग याकोब आणि योहान उजवी-डावी जागा मागतात.

सगळ्यांना आवडलेली जागा: येशू याकोब-योहानाला विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे? १०:३६. तोच प्रश्न तो बार्तीमयाला विचारतो, १०:५१. ते आसने मागतात, हा दृष्टी मागतो. आणि वाटेच्या कडेला बसलेला हा माणूस १०:५२ मध्ये वाटेने त्याच्यामागे चालू लागतो, ज्या वाटेवर ९:३३–३४ मध्ये शिष्य भांडत होते. इतका पुरावा एका पानात मिळतो, म्हणून पहिल्या वर्षासाठी मार्क मला सर्वांत आवडतो.

विधान: ‘बार्तीमय हा शिष्यांना न जमलेले शिष्यत्व करून दाखवतो.’ आड येणारे वचन १०:२८, आम्ही सर्व सोडून तुझ्यामागे आलो आहोत, असे पेत्र म्हणतो आणि येशू ते खोडून काढत नाही. शिवाय १६:७ मध्ये, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा, असा निरोप आहे. ‘न जमलेले’ऐवजी ‘अजून न उमगलेले’ असा बदल सुचला. अजून सगळे राजी नाहीत.

शेवटाविषयी एक चौकट घालावी लागेल. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्क १६:८ वर संपतो, स्त्रिया भ्याल्या होत्या या शब्दांवर. छापील बायबलमध्ये तो १६:२० पर्यंत जातो. ज्याचे विधान शेवटावर उभे आहे त्याने १६:८ शेवट धरला की १६:२०, हे विधानाजवळच सांगावे.

१४ ऑगस्ट

मजकूर टाइप करायला दिला. चौकशी करता झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग स्वस्तात होते आहे.

आज रूथचे एक नवे विधान आले आणि मांडणी बदलावी लागते आहे. जुलैतल्या नमुना वाक्याला एका मुलाने समोरासमोर विरोध केला आहे: ‘रूथच्या पुस्तकात मवाबी स्त्री शेवटी स्वीकारली जात नाही, पुसली जाते, ४:१३ नंतर ती बोलत नाही, मूल तिच्या मांडीवर नसून नामीच्या मांडीवर आहे, आणि शेजारणी “नामीला पुत्र झाला” असे म्हणतात.’ ४:१६–१७ मी पुन्हा वाचले. त्याचे म्हणणे टिकते. ४:१५ त्याच्या आड येते, कारण तिथे त्याच बायका रूथला सात मुलांहून अधिक म्हणतात. ते वचन त्याला ‘जरी’मध्ये घ्यायला सांगितले आहे. पण वर्गाच्या नमुन्यापेक्षा त्याचे वाक्य जास्त धाडसी आहे, आणि ‘मवाबी’ हा शब्द ४:१० नंतर का येत नाही याला त्याच्याकडे कारण आहे, आमच्याकडे नव्हते.

दोन्ही विधाने आता समोरासमोरच्या पानांवर छापायची, डावीकडे वर्गाचे, उजवीकडे त्याचे. दोन्हींखाली वचनांचे आकडे तेवढे द्यायचे, बाजू कोणाचीच घ्यायची नाही. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याचे आमोसवरचे अंतिम वाक्य सोमवारपर्यंत यायचे आहे. ४:४ चे त्याने काय केले ते पाहूनच तिसरे प्रकरण छपाईला सोडेन.